बिनपाण्याची हजामत

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात केस कापायला जाताना माणसानं तीन गोष्टी जवळ ठेवाव्यात: रोख पैसे, दुपारचा डबा आणि हिप-हॉपचा एक आवडता अल्बम. पहिल्या दोन नसल्या तरी निभावतं. पैसे पुढच्या वेळी देता येतात, सँडविच समोरच्या दुकानात मिळतं. पण अल्बम नसला की डोकं अर्धवट भादरलेल्या अवस्थेत तुम्ही एकटे पडता आणि तुम्हाला कुणी वाली उरत नाही.

साताऱ्याचे आमचे केशकर्तनवाले राजकारणावर अखंड बोलायचे, पण त्यांचं तोंड आणि हात ही दोन स्वतंत्र खाती होती. सरकार पडायचं, केसही पडायचे, दोन्ही वेळेवर. इथल्या माझ्या बार्बरचं तसं नाही. तो बोलायला लागला की त्याचे दोन्ही हात बोलू लागतात, आणि त्यातल्या एका हातात क्लिपर चालू असतो. वाक्यातल्या प्रत्येक पूर्णविरामाला मी मान खाली घालतो. दुकानातल्या इतरांना ते माझं अनुमोदन वाटतं.

आरशावर पाटी आहे: राजकारण आणि धर्म यांवर चर्चा करू नये. पाटी लावणाऱ्या भाबड्या जीवाला वाटलं असणार, एवढी दोन बिळं बुजवली की दुकानात शांतता नांदेल. 'सर्वकाळातला सर्वश्रेष्ठ हिप-हॉप अल्बम कोणता?' हा प्रश्न पाटीवर नाही. तो कुणी विचारतही नाही. तो आपोआप निघतो. एक गिऱ्हाईक आत येता येता नुसतं म्हणालं, "काय थंडी पडलीय!" थंडी म्हटल्यावर डिसेंबर आला, डिसेंबर म्हटल्यावर १९९२ आलं, आणि १९९२चा डिसेंबर म्हटल्यावर डॉ. ड्रेचा 'द क्रॉनिक' आला. माझ्या डाव्या कानामागचा क्लिपर तिथेच थांबला.

"क्रॉनिक?" बार्बर म्हणाला. "क्रॉनिकला 'द सोर्स'नं किती माइक दिले होते, सांग."

'द सोर्स' हे हिप-हॉपचं मासिक, आणि पाच माइक म्हणजे पैकीच्या पैकी. क्रॉनिकला साडेचार मिळाले होते. १९९४ साली 'इलमॅटिक'ला पाच मिळाले. हा अर्ध्या माइकचा फरक तीस वर्षं उलटून गेली तरी त्या दुकानात रोज नव्यानं मोजला जातो. इलमॅटिक हा नास या रॅपरचा पहिला अल्बम. तो आला तेव्हा नास वीस वर्षांचा होता. तो वाढला ती क्वीन्सब्रिजची प्रचंड सरकारी वसाहत याच क्वीन्समध्ये आहे. त्यामुळे बार्बरच्या दृष्टीनं स्पर्धा १९९४च्या एप्रिलमध्येच संपली. पुढे जे आले ते उगाच आले.

"बरोबर ना, ब्रो?" त्यानं मला विचारलं. क्लिपर माझ्या भुवईपासून दोन बोटांवर होता. मी म्हटलं, बरोबर.

शेजारच्या खुर्चीतला ब्रुकलिनचा गृहस्थ तोंडाला साबण लागलेला असतानाच उठून बसला. ब्रुकलिनचा माणूस म्हणजे बिगीचा माणूस. (याच कलावंताला बिगी स्मॉल्सही म्हणतात, नोटोरियस बीआयजीही म्हणतात, एकाच वेळी मोठा आणि लहान असण्याची सोय आमच्याकडे फक्त वामनावताराला होती.) त्याचा 'रेडी टू डाय' त्याच वर्षी सप्टेंबरात आला. आता कुणालाही वाटेल की हा गृहस्थ बिगीची थोरवी सांगेल: आवाजाचा तो खर्ज, गोष्ट सांगण्याची हातोटी. छे! तो म्हणाला, "इलमॅटिकमध्ये ट्रॅक आहेत दहा. त्यातला पहिला नुसती प्रस्तावना. सगळं मिळून चाळीस मिनिटंसुद्धा भरत नाही. याला अल्बम म्हणतात?"

"आणि तुझ्या बिगीनं मुखपृष्ठावर बाळ कुणाचं बघून छापलं?"

इलमॅटिकच्या मुखपृष्ठावर लहानपणीचा नास आहे, रेडी टू डायच्या मुखपृष्ठावर एक तान्हं बाळ. एप्रिलचं बाळ आधीचं की सप्टेंबरचं, याचं उत्तर कॅलेंडर देऊ शकतं, पण कॅलेंडरकडे बघण्याची पद्धत त्या दुकानात नाही. दोन पोक्त पुरुष, एकाच्या हातात क्लिपर, दुसऱ्याच्या गालावर फेस, आणि मधे तीस वर्षांपूर्वीची दोन मुलं.

मी तिथे जितका वेळ बसलो (आणि केसांच्या मानानं फारच बसलो), तितकी एक गोष्ट स्पष्ट होत गेली. या वादात कुणी स्वतःच्या अल्बमची स्तुती करतच नाही. सगळी प्रतिभा खर्च होते ती दुसऱ्याचा बाद करण्यात. आमच्याकडे आत्या स्थळं बघायची तसं आहे हे. मुलगा उंच असला की 'जोडा शोभणार नाही', बुटका असला की 'माणूस दिसतच नाही', सरकारी नोकरी असली की 'बदल्या होतील', स्वतःचा धंदा असला की 'उद्या बुडाला तर?' आत्याला नेमका कसला जावई हवा होता ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण कसला नको याबद्दल ती ठाम होती.

लॉस एंजेलिसहून इकडे आलेल्या एका कुरिअरवाल्यानं टुपाकचा 'ऑल आइज ऑन मी' पुढे केला. बाद! का? तर दोन डिस्क, सत्तावीस गाणी, फार लांब. दहा ट्रॅकचा तोकडा आणि सत्तावीसचा पाल्हाळिक, मग नेमके किती हवेत? त्याचं उत्तर कुणी दिलं नाही. कुणीतरी एमिनेमचं नाव काढलं. 'द मार्शल मॅदर्स एलपी' २०००मध्ये पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत साडेसतरा लाखांवर खपला. "इतका खपला म्हणजे सगळ्यांना आवडला. सगळ्यांना आवडतं ते सर्वश्रेष्ठ असेल का कधी?" बाद. मग कोपऱ्यातला दाढीवाला हळूच 'मॅडव्हिलनी' म्हणाला. २००४चा अल्बम, त्यातला एमएफ डूम लोकांपुढे धातूचा मुखवटा घालून वावरायचा. "ऐकलाय कुणी?" बार्बरनं दुकानभर विचारलं. तिघांनी हात वर केले. तिघेच म्हणजे अगदीच कमी. बाद.

डे ला सोलचा 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' तर वेगळ्याच कलमाखाली गेला. अल्बम १९८९चा. त्यात जुन्या रेकॉर्डांचे इतके तुकडे जोडलेले, की परवानग्यांचं घोंगडं भिजत पडलं आणि तो फोनवर ऐकायला मिळायला २०२३चा मार्च उजाडला. पलीकडे रांगेत बसलेल्या कॉलेजकुमारानं तेवढ्यावर निकाल दिला: "माझ्या लहानपणी फोनवर नव्हता. म्हणजे माझ्या मते तेव्हा तो नव्हताच."

या कुमाराचा कॅन्ड्रिक लमार. त्याच्याकडे सगळे पुरावे तयार होते. 'टू पिंप अ बटरफ्लाय', २०१५. नंतरचा 'डॅम', ज्याला २०१८मध्ये संगीताचं पुलित्झर मिळालं. शास्त्रीय आणि जॅझ सोडून दुसऱ्या कुणाला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ. शिवाय 'डॅम' उलट्या क्रमानंही ऐकता येतो, कॅन्ड्रिकनं स्वतः उलट्या क्रमाची आवृत्ती काढली आहे.

"पुलित्झर मिळालं म्हणजे प्राध्यापकांना आवडला," बार्बर म्हणाला. "आणि जो सुलट्या क्रमानं पुरत नाही, तो उलटा कशाला ऐकू?"

कुमार लाल झाला. त्यानं ग्रॅमीचा आधार घेऊ पाहिला, पण ग्रॅमीचं नाव काढताच सगळे एक झाले. त्या दुकानात एकमत होतं ते या एकाच ठिकाणी. १९८९मध्ये ग्रॅमीनं रॅपला पहिल्यांदा बक्षीस ठेवलं आणि तो भाग टीव्हीवर दाखवला नाही. २०१४मध्ये कॅन्ड्रिकला डावलून मॅकलमोरला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचं बक्षीस दिलं, तर जिंकलेल्या मॅकलमोरनंच हरलेल्या कॅन्ड्रिकला संदेश पाठवला की हे तुला मिळायला हवं होतं, आणि वर तो संदेश जगाला दाखवला. नासला पहिलं ग्रॅमी मिळालं २०२१मध्ये, इलमॅटिकनंतर सत्तावीस वर्षांनी. परीक्षक मंडळ बाद. दुकानात दोन मिनिटं बंधुभाव पसरला आणि तेवढ्यात माझी मानेवरची रेघ सरळ मारून झाली.

ती शेवटची सरळ रेघ. कारण तेवढ्यात मुलाला घेऊन आलेल्या एका बाईंनी पर्समधून मान वर न काढता विचारलं, "तुमच्या यादीत बाई एकही नाही?"

शांतता. मग चार जण एकदम म्हणाले, "लॉरिन हिल, अर्थातच!" हे 'अर्थातच' इतकं झटपट आलं की चौघांनाही ती आत्ताच आठवली हे लपलं नाही. 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल', १९९८. वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळवणारा पहिला हिप-हॉप अल्बम; त्या एका रात्रीत तिला पाच ग्रॅमी मिळाली.

"पण," बार्बर म्हणाला, "त्यात ती गातेच फार."

"तुमच्यापैकी कुणाला येतं गाता?" बाई म्हणाल्या.

हा मुद्दा इतका बिनतोड होता, की ब्रुकलिनच्या गृहस्थानं घाईघाईनं फोन काढला आणि 'रोलिंग स्टोन' मासिकाची यादी शोधली. या यादीत २०२२ साली हिप-हॉप अल्बमांत पहिला रेडी टू डाय. त्यानं फोन देवघरातल्या तसबिरीसारखा उंच धरला. बाईंनीही फोन काढला. त्याच मासिकाची दोनच वर्षं आधीची, सगळ्या प्रकारच्या संगीताची यादी. त्यात लॉरिन हिल दहावी आणि रेडी टू डाय बाविसावा. म्हणजे सगळ्या जगात बाई बिगीच्या बारा पायऱ्या पुढे, आणि फक्त हिप-हॉपमध्ये बिगी सगळ्यांच्या पुढे. हे गणित मला घालू नका, मी त्या वेळी एका बाजूनं कापलेला होतो. बाईंनी वर अ‍ॅपल म्युझिकची २०२४ची यादीही काढली, तिथे लॉरिन हिल थेट पहिली. ब्रुकलिन म्हणालं, "याद्यांवर माझा विश्वास नाही."

आता स्टॅटन आयलंडहून आलेल्या सद्गृहस्थांची पाळी होती. ते बराच वेळ गालातल्या गालात हसत होते. तिकडचा संघ म्हणजे वू-टँग क्लॅन, नऊ जण, आणि स्वतःच्या बेटाला ते शाओलिन म्हणतात. सगळ्यांना वाटलं, हे आता १९९३च्या 'एंटर द वू-टँग'चं नाव घेणार आणि 'नऊ माणसं मिळून केलेलं एका माणसाशी तोलायचं नाही' या कलमानं बाद होणार. पण हे गृहस्थ तयारीचे निघाले.

"वन्स अपॉन अ टाइम इन शाओलिन," ते म्हणाले.

हा वू-टँगचा असा अल्बम की त्याची प्रत एकच काढली. २०१५मध्ये ती वीस लाख डॉलरला विकली गेली. घेणारा औषधांच्या धंद्यातला. साडेतेरा डॉलरच्या गोळीचे साडेसातशे डॉलर करणारा. पुढे तो तुरुंगात गेला, सरकारनं अल्बम जप्त केला आणि पुन्हा विकला. "यात काय खोट आहे, सांगा," गृहस्थ म्हणाले. कुणी काही सांगेना. कुणी ऐकलाच नव्हता. सांगणाऱ्यानंही ऐकला नव्हता. अख्ख्या हिप-हॉपमध्ये निर्दोष म्हणावा असा तेवढा एकच अल्बम निघाला.

दाराशी बसलेल्या ब्रॉंक्सच्या म्हाताऱ्या ओजींनी (ओजी म्हणजे जुने जाणते) इतक्या वेळात एक शब्द काढला नव्हता. आता ते काठीवर हनुवटी टेकवून म्हणाले, "अकरा ऑगस्ट १९७३. सेजविक अ‍ॅव्हेन्यू, पंधराशे वीस. डीजे कूल हर्कच्या बहिणीनं शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे जमवायला पार्टी ठेवली. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. तिथे सुरू झालं हे सगळं. अल्बम होता कुठे? रेकॉर्डी काढून विकायला लागलात, तिथेच बिघडलं." एका फटक्यात सगळेच अल्बम बाद झाले. ओजी उठून निघून गेले. त्यांना केस कापायचेच नव्हते. डोक्यावर नव्हतेच.

अशा वेळी माणसाची नजर तटस्थ शोधू लागते, आणि तटस्थ माणूस खुर्चीला केपनं बांधलेला होता.

"तू सांग, ब्रो. तू बाहेरचा आहेस. तुझं मत काय?"

माझी सगळी सार्वजनिक कारकीर्द महाराष्ट्र मंडळाच्या एकांकिका स्पर्धेचा परीक्षक म्हणून गेली आहे. तिथे प्रत्येक संघात कुणाची तरी बायको असते, म्हणून आम्ही उत्तेजनार्थ बक्षिसं संघांच्या संख्येइतकीच छापून घेतो. त्या सवयीनं मी घसा साफ केला आणि म्हटलं, "खरं सांगायचं तर सगळेच आपापल्या जागी श्रेष्ठ आहेत."

आतापर्यंत एकमेकांच्या जिवावर उठलेली ती माणसं माझ्याकडे ज्या नजरेनं बघू लागली, ती नजर मी विसरणार नाही. ब्रुकलिननं क्वीन्सकडे बघितलं, क्वीन्सनं कॅलिफोर्नियाकडे. बाईंनी मुलाला जवळ ओढलं. "हा असं का बोलतो?" कुमारानं विचारलं. बार्बरनं माझी केप झटकून काढली. "आज एवढंच. घरी जा. इलमॅटिक ऐक, मग उरलेलं कापू."

घरी बायकोनं दार उघडलं, माझी डावी बाजू बघितली, मग मला हळूच वळवून उजवी बघितली. "पैसे अर्धेच दिलेस ना?" एवढंच तिनं विचारलं.

तर मी इलमॅटिक ऐकला. सात नंबरच्या गाडीत, टोपी घालून. आणि खरी पंचाईत इथून पुढची आहे: मला तो आवडला. भीमसेन आणि कुमार गंधर्वांवर वाढलेल्या माझ्या कानांना पहिल्या फेरीत तो नुसता एका वीस वर्षांच्या पोराचा तावातावानं हिशेब वाटला. मग एका गाण्याच्या शेवटी ट्रम्पेटसारखं कॉर्नेट आलं. ते नासच्या वडिलांनी, ओलू डारा यांनी वाजवलंय. पोरगा पोटतिडकीनं बोलतोय आणि बाप शेवटी येऊन न बोलता काहीतरी सांगून जातो. मी ते पुन्हा लावलं. पुन्हा लावता लावता माझा थांबा गेला.

मत नसलेला माणूस निरुपद्रवी असतो. मत आल्याच्या आठवड्यातच मी ऑफिसातल्या एका सज्जन सहकाऱ्याला, जो फक्त "मला आउटकास्टचा स्टँकोनिया बरा वाटतो" एवढंच म्हणाला होता, कॉफीच्या यंत्रापाशी अडवून धरलं. आउटकास्ट अटलांटाचे, त्यांचं गाणं कसं सुंदर आहे हे मला ठाऊक होतं, कारण मी ते चोरून ऐकलं होतं. तरी मी म्हटलं, "चोवीस ट्रॅक? फार होतात." माझ्याच तोंडून आत्या बोलत होती.

दिवाळीत आम्ही एडिसनला निघालो. न्यू जर्सीतल्या मंडळाची दिवाळी पहाट होती, सकाळी साडेदहाची. गाडीत बायको, मुंबईहून शिकायला आलेला भाचा आणि आमच्या इमारतीतले काका. स्टॅटन आयलंडचा पूल लागला तसं मी उत्साहानं सांगितलं, "काका, हे शाओलिन." काकांनी खिडकीतून पेट्रोल पंप आणि गाद्यांचं दुकान बघितलं आणि चष्मा पुसला. मग भाच्याशी माझी जुंपली. तो डिव्हाइन या रॅपरचा भक्त. त्याच्या मते अंधेरीच्या गल्लीतून आलेल्या त्या पोरापुढे कुणाचंच काही चालत नाही. मी म्हटलं, अरे, 'गली बॉय' सिनेमाचा कार्यकारी निर्माता कोण? नासच! डिव्हाइन आणि नास एका गाण्यातसुद्धा आहेत. "म्हणजे शेवटी नासलाच मुंबईत यावं लागलं," भाचा म्हणाला. हे उत्तर त्याला इतक्या लवकर सुचलं याचं मला मामा म्हणून कौतुक आणि इलमॅटिकवाला म्हणून संताप आला.

"यात नवीन काय आहे?" काका म्हणाले. काकांना जगात काहीच नवीन वाटत नाही. "आपल्याकडे कलगी-तुरा होता. तुरेवाले म्हणायचे शिव मोठा, कलगीवाले म्हणायचे शक्ती मोठी. रात्र रात्र डफ वाजायचा, कवनाला कवनानं उत्तर."

"मग निकाल काय लागला, काका?"

"निकाल? निकाल लागला असता तर दुसऱ्या रात्री फड कशाचा?"

बायको म्हणाली, ते सगळं जाऊ दे, आज बालगंधर्वांची पदं आहेत म्हणे कार्यक्रमात. ती हे सहज म्हणाली. माझ्या बार्बरच्या दुकानात थंडीबद्दल कुणी म्हणतं, तितक्याच सहज.

"बालगंधर्व ठीकच," काका म्हणाले. "पण १९२१च्या 'संयुक्त मानापमान'च्या प्रयोगात केशवराव भोसले एक पाऊल पुढेच होते."

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात."

"तुम्ही ऐकलंय?"

"माझा जन्म व्हायचा होता."

"रेकॉर्डिंग आहे?" भाच्यानं विचारलं.

"त्या प्रयोगाचं? छे!"

"मग काका, तुमच्याशी भांडता येणार नाही."

पण बायको भांडली. ती म्हणाली, केशवरावांची तान तडफदार असेल, पण लाडिकपणा कुठून आणतील? काका म्हणाले, नुसत्या लाडिकपणावर नाटक चालत नाही. मी मधे मास्टर दीनानाथ टाकले, दोघांनी मिळून त्यांना बाहेर काढलं, कारण ते त्या रात्री भामिनीही नव्हते आणि धैर्यधरही नव्हते. भाच्यानं हेडफोन लावले आणि पुन्हा काढले, कारण आमचं जास्त रंगत होतं. एडिसनचा दहा नंबरचा एक्झिट कधी मागे पडला ते कुणालाच कळलं नाही. फोनमधली नकाशावाली बाई तेवढी शांतपणे सांगत होती की पुढच्या एक्झिटला बाहेर पडा, पुढच्या एक्झिटला बाहेर पडा. काकांनी मागून हात लांब करून तिचा आवाज बंद केला.

"सुरात नाही," ते म्हणाले.